दारूखाना आणि विजेची पेटी

साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर तुम्ही कधीतरी गेला असालच. नसाल तर शाळेची सहल घेऊन एकदा जा. वर तटावर उभे राहिले की खाली सारे शहर पसरलेले दिसते. डिसेंबर १६९९ मध्ये ह्याच किल्ल्याखाली औरंगजेबाची छावणी पडली होती. किल्ल्यावर प्रयागजी प्रभू होते. वेढा चार-साडेचार महिने चालला. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी सुरुंग लावून तट उडवला. त्यात प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि तरीही जिवंत निघाले. पुढे त्याच महिन्यात किल्ला मोगलांच्या हाती गेला.

ही हकिगत आपण मुलांना मोठ्या आवडीने सांगतो. पण वेढा पडल्यावर तोफ वाजते ती दारू कोरडी असेल तरच. (दारू म्हणजे तोफेची, बरं का!) आणि दारू कोरडी ठेवायचे काम वेढ्याच्या दिवशी होत नसते. ते आधी वर्षानुवर्षे कोणीतरी करीत आलेला असतो आणि त्या माणसाचे नाव बखरीत येत नाही.

राजाराम महाराज जिंजीला असताना ज्यांनी इकडचा कारभार सांभाळला, त्या रामचंद्रपंत अमात्यांना हे पुरते ठाऊक होते. १७१५-१६ च्या सुमारास लिहिलेल्या त्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांवर एक प्रकरण आहे. शिक्षकांनी ते मुळातून जरूर वाचावे. त्यात पंत सांगतात की दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा. तळघर करून आत गच करावा, माच घालावा, त्यावर दारूची मडकी ठेवावीत. बाण आणि हुके सर्द होऊ देऊ नयेत. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन सारा माल बाहेर काढावा, त्याला ऊन द्यावे आणि पुन्हा आत ठेवून शिक्कामोर्तब करावे. पावसाळ्यात तोफांना आणि दरवाजांना तेल-मेण द्यावे, तोफांचे काने मेणाने बुजवावेत. हवालदार म्हटले की आज आपल्याला चौकीवरचा पोलीस आठवतो. त्या काळी किल्ल्याचा मुख्य अधिकारी तो हवालदार. म्हणजे पाहा, दारूला ऊन देण्याचे काम पंतांनी एखाद्या पोरावर सोपवले नाही. गडाच्या धन्यालाच ते नेमून दिले, आणि किती दिवसांनी करायचे तेही सांगून ठेवले.

हे सारे मला आठवले ते एका पेटीवरून. एका मोठ्या इमारतीत (नाव सांगत नाही) जिन्याजवळ भिंतीवर काचेच्या कपाटात ती लावलेली होती. वर हृदयाचे चित्र, त्यात विजेचा बाण. अंगावर लहानसा दिवा होता, पण तो लागलेला नव्हता. रखवालदाराला विचारले. तो म्हणाला, ‘‘लई टीं टीं करत हुतं बघा साहेब, म्हणून शेल काढून ठिवलाय.’’

आता ही पेटी कशासाठी असते ते सांगतो. माणूस चालता-बोलता कोसळतो, तेव्हा पुष्कळदा हृदय एकदम थांबलेले नसते. ते नुसते थरथरत असते. ताल सुटलेला असतो, त्यामुळे रक्त पुढे जात नाही. अशा वेळी छातीतून विजेचा एक ठरावीक झटका दिला, तर ती थरथर मोडते आणि हृदयाला आपला ताल पुन्हा धरता येतो. ह्या यंत्राला डिफिब्रिलेटर म्हणतात. छातीवर दाब दिले गेले नाहीत, तर झटक्याला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने वाचण्याची आशा शेकडा सात ते दहांनी घटते. म्हणजे दहा मिनिटांत जवळजवळ सारा खेळ आटोपतो. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते आहे आणि तिला बोलावलेच पाहिजे. पण आटपाडीच्या किंवा पाटणच्या एखाद्या वाडीवर ती दहा मिनिटांत पोचेल, असे कोण सांगेल? तोवर छातीवर दाब देत राहायचे, आणि जवळ पेटी असेल तर ती आणायची.

ह्या यंत्राचा इतिहास फार जुना नाही. १९४७ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे डॉ. क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर एका चौदा वर्षांच्या मुलाचे हृदय अशा झटक्याने पुन्हा चालू केले. तेव्हा छाती उघडी होती आणि झटका थेट हृदयाला दिला होता. १९५६ साली बोस्टनच्या डॉ. पॉल झोल यांनी छाती न उघडता, बाहेरून झटका देऊन दाखवला. १९६२ साली डॉ. बर्नार्ड लाऊन यांनी साठवून ठेवलेल्या एकदिश विजेचा झटका पुढे आणला; तो अधिक निर्धोक ठरला. मग १९६५ च्या सुमारास उत्तर आयर्लंडच्या बेलफास्ट शहरात डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी मोटारीच्या बॅटऱ्या जोडून हे यंत्र रुग्णवाहिकेत घातले. त्याचे वजन होते सुमारे ७० किलो! आज तेच यंत्र शाळेच्या दप्तराएवढे झाले आहे. ते स्वतः हृदयाचा ताल तपासते, झटक्याची गरज नसेल तर देत नाही आणि काय करायचे ते तोंडाने सांगते.

पण ह्या प्रगतीत एक गोष्ट हातची सुटली. यंत्र अवजड होते तेव्हा ते इस्पितळात होते आणि ते जपणारा माणूस शेजारीच होता. मिरजेचे जुने मिशन इस्पितळ घ्या, १८९४ साली डॉ. वानलेस यांनी उभारलेले. अशा ठिकाणी हत्यारे उकळणारी, मांडणारी, मोजून ठेवणारी माणसे असतात. यंत्र हलके झाले, कोणालाही वापरता येईल असे झाले, आणि इस्पितळाबाहेर येऊन भिंतीवर लागले. तिथे त्याला हवालदार उरला नाही. हे आपल्याकडेच घडते असे समजू नका. अमेरिकेत २००५ ते २०१२ या काळात अशा पेट्या नीट न चालल्याच्या सुमारे ४५,००० तक्रारी सरकारी खात्याकडे आल्या. पुढे २०१५ साली तिथे नियम कडक करावे लागले.

पेटीत बिघडते तरी काय? फार थोडे. बॅटरी नुसती पडून राहिली तरी चार-पाच वर्षांत संपते. छातीवर चिकटवायच्या पट्ट्यांना ओलसर लेप असतो. दोन-अडीच वर्षांत तो सुकतो, मग पट्टी धड चिकटत नाही. म्हणून पाकिटावर तारीख छापलेली असते, आणि पाकीट आधी उघडून पाहायचे नसते. पेटी अधूनमधून स्वतःची परीक्षा स्वतःच घेते आणि काही चुकले की दिव्याने किंवा आवाजाने सांगते. आमच्या रखवालदाराला छळणारी टीं टीं ती हीच. बिचाऱ्याला ते कोणी सांगितलेच नव्हते. दोष त्याला कसा द्यावा?

आपल्या दोन जिल्ह्यांचा विचार केला तर अडचणी थेट दारूखान्याच्याच आहेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरवर पाऊस. तिथे सर्दीची भीती. जत-आटपाडीकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद जीपगाडीत पेटी ठेवली तर तिला सोसवणार नाही. सांगलीची तर वेगळीच तऱ्हा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथे नदीकाठी पेटी तळमजल्यावर लावणे म्हणजे पुराला आवतण. आणि कुठेही लावा, कपाटाला कुलूप नको. किल्ली शिपायाच्या खिशात आणि शिपाई बाजाराला, अशी गत व्हायची.

तुमच्या शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा साखर कारखान्यात अशी पेटी असेल, तर उद्या जाऊन तिचा दिवा पाहा. पट्ट्यांची तारीख एका वहीत उतरवून घ्या. वही पेटीशेजारीच दोरीने टांगा आणि आठवड्याचा एक वार ठरवून पाहणाऱ्याची सही घेत जा. नाव एकाच माणसाचे असू द्या. ‘सर्वांनी लक्ष ठेवावे’ म्हटले की कोणीच ठेवत नाही. तो रजेवर गेला तर दुसरा कोण, तेही लिहून ठेवा. एकदा पेटी वापरली की पट्ट्या वाया जातात. तेव्हा जादा जोड आधीच आणलेला असावा. रोगी रुग्णवाहिकेत गेला, गर्दी पांगली, की त्याच संध्याकाळी नवा जोड लावून, दिवा पाहून, वहीत सही करून पेटी पुन्हा जागेवर ठेवायची.