शाळेची पारख

आमच्या सरहद्दीवरून इंदूरला निघाले की रावेरनंतर बऱ्हाणपूर लागते, मग असीरगडाचा डोंगर, खंडवा, मोरटक्क्याला नर्मदा आणि शेवटी सिमरोळचा घाट. या वाटेने मी चाळीस वर्षे जातो-येतो आहे. धाकटी बहीण तिकडे दिली आहे. तिचे घर सुदामानगरात, अन्नपूर्णेच्या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर. घरात मराठी, ओट्यावर बसले की हिंदी, आणि भाजीवालीशी बोलताना दोन्हींची खिचडी, अशी तिथल्या आपल्या माणसांची रीत आहे.

गेल्या जून महिन्यात गेलो, तेव्हा घरात एकच विषय चालू होता. बहिणीचा नातू पाचवी झाला होता. खासगी शाळेची फी भाच्याला झेपेनाशी झाली होती. वसाहतीजवळच एक सरकारी मिडल स्कूल आहे, सहावी ते आठवीचे. तिथे घालावे की कर्ज काढून आहे तिथेच ठेवावे, याचा निकाल लागत नव्हता. भाचेसून म्हणाली, "मामा, तुम्ही पस्तीस वर्षं शाळेत काढलीत. तुम्ही एकदा ती शाळा बघून या. तुम्ही चांगली म्हणालात तर घालू."

मी हो म्हणालो खरा, पण रात्री झोप येईना. शाळा चांगली की वाईट हे ओळखायचे कसे? उभा जन्म शाळेत गेला आणि या प्रश्नाचे सरळ उत्तर आपल्यापाशी नाही, हे त्या रात्री ध्यानात आले. मग मनातल्या मनात मागे मागे जात राहिलो. आपल्या मुलखात शाळेची पारख आजवर कोणी आणि कशी केली?

इंदूरपुरते बोलायचे तर हे गाव शिक्षणाला नवखे नाही. होळकर संस्थानात १८४१ साली इंदूर मदरसा सुरू झाला, १८९१ साली शिवाजीराव होळकरांच्या कारकिर्दीत होळकर कॉलेज उभे राहिले. १९१७ साली मराठी साहित्य संमेलन इथे भरले आणि पुढच्याच वर्षी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन. १९३५ साली तर दोन्ही भाषांची संमेलने एकाच वर्षी या एकाच गावात झाली. अशा गावात शाळेची चौकशी करायला मी सीमेपलीकडून यावे, याचे माझे मलाच हसू आले.

आरंभीच्या काळात शाळेची पारख चारचौघांत होई. जाहीर परीक्षा हा एक समारंभच असे. पाहुणे खुर्च्यांवर, मुले समोर, आणि गावातले लोक दाटीवाटीने भोवती. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या मुलींच्या शाळांची परीक्षा १८५३ च्या फेब्रुवारीत पुण्यात झाली, तेव्हा ती पाहायला लोकांची रीघ लागली होती. त्याआधी १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडीच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला होता. पण त्या शाळांची खरी साक्ष या समारंभांहून निराळ्या जागी आहे. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता नावाच्या मांग समाजातल्या विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. महार-मांगांच्या दुःखाविषयी तिने लिहिले होते. मुलीचे वय चौदा, म्हणजे आजच्या हिशेबाने मिडल स्कूलचे. आपल्या माणसांवर काय गुदरले ते तिने स्वतःच्या शब्दांत मांडले आणि जाबही विचारला. शाळा चांगली होती याचा इतका सबळ पुरावा कोणत्याही तपासनिसाच्या शेऱ्यात मला कधी सापडलेला नाही.

१८५४ साली वुडचा खलिता आला. त्यातून पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात शिक्षणखाते निघाले आणि खात्याबरोबर इन्स्पेक्टर आले. त्यांच्या हाताखालचे डेप्युटी म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतले 'दिपोटी'. दिपोटी येणार म्हटले की शाळा सारवली जाई, मुलांची डोकी तेलाने चमकत, आणि मास्तरांच्या घरी गोडाधोडाचे होई. तपासणी हा शब्द आपल्या भाषेत थोडा धाकाचा आहे, तो तेव्हापासून.

तिकडे विलायतेत १८६२ साली रॉबर्ट लो याने नवा कायदा काढला. परीक्षेत मुले जितकी पास होतील, त्या मानाने शाळेला अनुदान. जितका निकाल तितका पैसा. मॅथ्यू आर्नल्ड हा कवी पेशाने शाळा-इन्स्पेक्टर होता. त्याने या पद्धतीला कडाडून विरोध केला, कारण शाळा यंत्रासारख्या होऊन बसतात हे तो रोज डोळ्यांनी पाहत होता. हीच पद्धत आपल्याकडच्या अनुदानित शाळांनाही लागू झाली. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले, त्यात तिच्यावर नेमके बोट ठेवलेले आहे. ज्या लोकांत शिक्षणाची गोडीच अजून निर्माण व्हायची आहे, त्यांच्यात ही निकालाची पद्धत चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे. निकालावर पोट असलेला मास्तर अशा वस्तीत जाईल कशाला? तिथे सरकारनेच शाळा काढल्या पाहिजेत. बारा वर्षांच्या वयापर्यंत तरी शिक्षण सक्तीचे करा, ही मागणीही त्याच निवेदनातली.

जोतीरावांचे हे म्हणणे मी नोकरीत असताना वाचले होते आणि वर्गात शिकवलेही होते. तरीसुद्धा मी काय केले, ते आज लिहून टाकतो. शाळेचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण दोष शाळेचा नव्हता. तपासणीच्या आदल्या दिवशी मी सातवीच्या वर्गातल्या तीन मुलांना सांगितले, "उद्या आला नाहीत तरी चालेल." त्यांना धड वाचता येत नव्हते. दुसऱ्या दिवशी वर्ग उत्तम झाला, शेराही उत्तम मिळाला. तिघांपैकी दोघे परवा आले. तिसरा आलाच नाही, पुढेही कधी आला नाही. केळीच्या बागेत कामाला लागला. मी त्याच्या घरी गेलो नाही. जायला हवे होते हे तेव्हाही कळत होते. तो शेरा मात्र निवृत्त होईपर्यंत माझ्या सेवापुस्तकाच्या पिशवीत होता.

असो. मिडल स्कूलच्या पारखेचा विचार करताना मध्य प्रदेशातलीच एक मोठी गोष्ट आठवली. ती आपल्या वाचकांना फारशी ठाऊक नसेल. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा सरकारी मिडल स्कूलांत विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो हाती घेतला. दिल्ली विद्यापीठातली आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली शास्त्रज्ञ मंडळी खेड्यातल्या मास्तरांबरोबर बसली. मुलांनी व्याख्या पाठ करायच्या नाहीत. स्वतः प्रयोग करायचा, वहीत लिहायचे, आपसांत वाद घालायचा आणि मग निष्कर्ष काढायचा. 'बाल वैज्ञानिक' हे त्यांचे पुस्तक, त्यात उत्तरे कमी आणि प्रश्न जास्त. मुलांच्या शंकांना पत्राने उत्तर देणारा 'सवालीराम' हा त्यांचा काल्पनिक मित्र. १९७८ साली हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या मिडल स्कूलांत गेला. १९८२ साली त्यातून 'एकलव्य' ही संस्था निघाली आणि काम इतर जिल्ह्यांतही पसरले.

मला त्यात सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची परीक्षा. पुस्तक आणि वही घेऊन बसायची मुभा होती. शिवाय प्रयोगाची वेगळी परीक्षा: साहित्य समोर ठेवायचे आणि मुलाने करून दाखवायचे. पुस्तक उघडे ठेवूनही ज्याचे उत्तर सापडत नाही, असा प्रश्न काढायला मास्तरालाच आधी विचार करावा लागतो. म्हणजे एकाच परीक्षेत मुलाची पारख होते आणि मास्तराचीही. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ साली सरकारने बंद केला आणि राज्यभराचे सामान्य पाठ्यपुस्तक त्या शाळांत परत आले. होशंगाबादचे नावही २०२२ साली बदलून नर्मदापुरम झाले.

त्यानंतरचा काळ मोजमापाचा. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहावी ते आठवीसाठी त्यात स्पष्ट हिशेब दिला आहे. वर्षाचे २२० दिवस, १००० तास शिकवणे. ३५ मुलांमागे एक शिक्षक. विज्ञान-गणित, समाजशास्त्र आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक. शंभरावर मुले असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक. नापास न करण्याचे कलम २०१९ साली सैल झाले आणि मध्य प्रदेशात २०२३ पासून पाचवी-आठवीच्या परीक्षा पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर होऊ लागल्या. 'असर'ची पाहणी २००५ पासून होते. मुलाला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो का, भागाकार जमतो का, हे ती घरी जाऊन पाहते. पण ती खेड्यांची पाहणी. सुदामानगरासारखी वसाहत तिच्या कक्षेत येत नाही.

इंदूरच्या माणसाला क्रमांकाचे मोठे कौतुक. २०१७ पासून स्वच्छतेत गाव देशात वारंवार पहिले आले आहे. यावरून पॅट्रिक गेडिसची गोष्ट आठवते. हा स्कॉटिश नगररचनाकार होळकरांच्या बोलावण्यावरून इथे आला आणि १९१८ साली त्याचा इंदूरविषयीचा अहवाल निघाला. गावात प्लेगची भीती होती. गेडिसने दिवाळीची एक मिरवणूक काढली, तीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर केला. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार? ज्या मोहल्ल्यांनी आपली घरे आणि गल्ल्या सर्वांत नीट झाडल्या असतील त्यांच्या. शेरा नाही, दंड नाही. पण लोकांनी गाव लख्ख करून टाकले. तपासणी अशीही करता येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी शाळेत गेलो. कोणाला कळवले नव्हते. इमारत बरी, रंग उडालेला, नळाला पाणी होते. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी होती, आतून लागणारी; हे मी आवर्जून विचारले. विज्ञानाच्या शिक्षकाची जागा रिकामी होती, हिंदीच्या बाईच विज्ञान घेत होत्या. प्रयोगाचे कपाट कुलूपबंद, किल्ली शोधायला दहा मिनिटे लागली. आत नवेकोरे साहित्य कागदात गुंडाळलेले. वाईट वाटले. होशंगाबादच्या पोरांनी बाटल्या आणि चाकांच्या व्हॉल्व्ह-नळ्यांवर काम भागवले होते.

मग सहावीच्या वर्गात बसलो. पटावर ३८, हजर २७. एका मुलीला वाचायला सांगितले, तिने छान वाचले. दुसऱ्याला दिले, तो अडखळला. पण बाई मध्ये पडल्या नाहीत आणि वर्ग हसला नाही. त्याला पुरे करू दिले. शेवटी मी विचारले, "अकरा जण कुठे आहेत?" माझी अपेक्षा होती की त्या "येतात हळूहळू" म्हणतील. बाईंनी हजेरीपट उघडला आणि एकेक नाव घेऊन सांगितले. दोघे गावी लग्नाला. एक तापाने आजारी. एक आईबरोबर चार घरची कामे करायला जाते. तिच्या घरी त्या शनिवारी जाऊन आल्या होत्या, सोमवारपासून पाठवते म्हणाली आहे. चौघे बांधकामावरच्या मजुरांची मुले, काम संपले तसे कुटुंब हलले. कुठे हलले ते त्या शोधत होत्या. उरलेले तिघे नुसते कंटाळलेले, त्यांच्या बापांना फोन झाला होता.

मी काही बोलू शकलो नाही. माझ्या वर्गातला तिसरा मुलगा डोळ्यांपुढे उभा राहिला.

घरी येऊन सगळे सांगितले. विज्ञान कच्चे राहील, ते घरी बघावे लागेल. इंग्रजी बेताचेच. पण मुलगा आला नाही तर तिथे कोणाला तरी कळते. भाच्याने व्यवस्थापन समितीत जावे, बैठकीत आधी त्या कपाटाच्या किल्लीचा विषय काढावा आणि रिकाम्या जागेसाठी अर्ज करीत राहावे.

भाचेसून ऐकत होती. म्हणाली, "मामा, एक विचारू? तुमच्या नातवांना तुम्ही अशा शाळेत घातलं असतं का?"

माझे दोन्ही नातू कॉन्व्हेंटमध्ये आहेत. त्यांच्या प्रवेशाच्या वेळी मी एकही सरकारी शाळा पाहायला गेलो नव्हतो. तिला तसे सांगितले. "नाही घातलं. बघायलाही गेलो नाही. ती चूक होती की नाही, हे मला आज सांगता येत नाही, कारण मी पाहिलंच नव्हतं. ही शाळा मात्र पाहून आलो आहे."

ती बराच वेळ गप्प होती. मग उठून तिने मुलाचा दाखला आणि आधारकार्ड काढून पिशवीत ठेवले.

परवा बहिणीचा फोन आला. नातू एक दिवस पोटदुखीचे निमित्त करून घरी राहिला. दुपारी बाई दारात उभ्या.