विजेचा दाब कमी, मग मोटार का जळते?

लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुड आणि आसपासच्या गावांत विहिरी व कूपनलिकांवरील विद्युतपंप हा शेतीचा मोठा आधार आहे. रब्बी हंगामात एकाच रोहित्रावरील अनेक पंप एकदम सुरू झाले, की विजेचा दाब उतरतो. अशा वेळी घरातील दिवा मंदावतो. शेतातील मोटार मात्र तापून जळण्याची भीती असते. दाब कमी असताना उष्णता कशी वाढते, हे समजण्यासाठी दाब व प्रवाह यांचे गणित माहीत असणे आवश्यक आहे.

रोध आणि शक्ती

जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, तापमान कायम असताना वाहकातील प्रवाह हा त्याच्या दोन टोकांमधील दाबाच्या प्रमाणात असतो. दाबाला (व्होल्ट) प्रवाहाने (अँपिअर) भागल्यास रोध (ओहम) मिळतो, तर दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती (वॅट).

समजा, पाणी तापविण्याचे उपकरण २३० व्होल्ट दाबावर ५ अँपिअर प्रवाह घेते. त्याचा रोध ४६ ओहम आणि शक्ती ११५० वॅट झाली. ते तासभर चालल्यास १.१५ युनिट वीज खर्च होईल. दाब १८० व्होल्टपर्यंत घसरला आणि रोध तेवढाच राहिला, तर प्रवाह सुमारे ३.९ अँपिअर व शक्ती सुमारे ७०४ वॅट होते. म्हणजे दाब २२ टक्क्यांनी घटला, तरी शक्ती ३९ टक्क्यांनी घटते.

मोटारीचे वेगळेपण

मोटारीला मात्र पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे असते. त्यामुळे दाब घटला, की ती अधिक प्रवाह खेचते. वेटोळ्यातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह १० वरून १३ अँपिअर झाला, तर उष्णता सुमारे १.७ पट होते. तारेवरील रोधक लेप जळतो आणि मोटार पुन्हा भरून घ्यावी लागते.

मोटारीच्या बाबतीत दाबाला प्रवाहाने भागून वेटोळ्याचा खरा रोध मिळत नाही. शक्ती काढतानाही गुणाकाराला पॉवर फॅक्टरने गुणावे लागते. एकफेजी मोटार २३० व्होल्टवर १० अँपिअर घेत असेल आणि पॉवर फॅक्टर ०.८ असेल, तर शक्ती २३०० नव्हे, तर १८४० वॅट भरते. तीनफेजी मोटारीसाठी दोन फेजमधील दाब घेऊन आणखी १.७३ ने गुणावे लागते.

तारेचा हिशेब

खांबापासून विहीर २०० मीटर असल्यास जाणारी व येणारी तार मिळून ४०० मीटर होते. २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा एकूण रोध सुमारे २.८ ओहम भरतो. १० अँपिअर प्रवाहात २८ व्होल्ट दाब आणि २८० वॅट शक्ती वाटेतच खर्ची पडते. ४ चौरस मिलिमीटरची तार वापरल्यास हेच नुकसान १७.५ व्होल्ट व १७५ वॅटवर येते.

म्हणून तार निवडताना किमतीइतकेच अंतरही पाहावे. मोटारीवरील पट्टीवर लिहिलेल्या प्रवाहानुसार ओव्हरलोड रिले लावून घ्यावा. मोटार चालू असताना दाब व प्रवाह परवानाधारक तारतंत्रीकडून मोजून घ्यावेत; प्रवाह पट्टीवरील आकड्यापेक्षा अधिक दिसल्यास पंप त्वरित बंद करणेच हिताचे.