न बुडणाऱ्या होडीचे तीन दावेदार

इंग्लंडात एकाच शोधाचे श्रेय सांगणारी दोन थडगी आहेत. एक दक्षिणेला, केंट परगण्यातील हाइथ गावच्या चर्चच्या आवारात. दुसरे थेट उत्तरेला, टाइन नदीच्या मुखाशी वसलेल्या साउथ शील्ड्स येथे. पहिल्याखाली लायनेल ल्यूकिन विसावला आहे, दुसऱ्याखाली विल्यम वुडहॅव. लाइफबोट प्रथम आपण शोधली, असे दोन्ही शिळा सांगतात. ब्रिटिश पार्लमेंटने मात्र 1802 साली या कामाबद्दल 1,200 पौंड दिले ते तिसऱ्याच माणसाला, हेन्री ग्रेटहेडला. या भांडणाचा निवाडा करण्यापूर्वी शोध नेमका कशाचा होता, हे आधी ठरवले पाहिजे, असे मला वाटते.

लाकडाची रिकामी होडी पाण्याने भरली तरी सहसा तळ गाठत नाही. पण तिच्यात माणसे, नांगर, निरम असले की ती पाण्याच्या पातळीशी लोंबकळते, एका बाजूला लोळते आणि अखेर जाते. उपाय एकच. जिथे पाणी शिरणार ती जागा आधीच दुसऱ्या कशाने तरी अडवून ठेवायची. एक लिटर जागा अडवली की साधारण एक किलो वजन उचलले जाते. बुचाचे वजन पाण्याच्या पावपटीहूनही कमी, म्हणून एक किलो बूच स्वतःला सावरून वर तीनएक किलोंचा भार सहज पेलते. हे तत्त्व जगाला नवे नव्हते. आपल्याकडे पूर आलेली नदी ओलांडायला सुक्या भोपळ्यांची सांगड होतीच आणि कोकणातल्या होडीला बाजूने बांधलेली उलांडीही होती. उलांडी होडीला कलंडू देत नाही, भोपळा माणसाला बुडू देत नाही. ही दोन्ही कामे होडीच्या अंगातच कशी बसवायची, हा खरा प्रश्न होता.

ल्यूकिन हा लंडनच्या लाँग एकर भागातला घोडागाड्या बांधणारा कारागीर. समुद्राशी त्याचा धंद्याचा संबंध नव्हता. त्याने नॉर्वेच्या धाटणीची एक होडी घेऊन तिच्या काठाबाहेर बुचाचे जाड पट्टे बसवले, आत हवाबंद कप्पे केले आणि तळाला लोखंडी कणा जोडला. वर हलके, खाली जड, अशी ही मांडणी. 2 नोव्हेंबर 1785 रोजी त्याला पेटंट मिळाले. वादळात न उलटणारी आणि पाणी भरले तरी न बुडणारी होडी, असा त्याचा दावा होता. आरमारातल्या वरिष्ठांनी तोंडी वाखाणणी केली, अधिकृतपणे काहीच केले नाही. पुढच्याच वर्षी नॉर्थम्बरलंडमधील बँबरो येथे एक स्थानिक होडी त्याच्या पद्धतीने तयार करून घेण्यात आली, पण गोष्ट तेवढ्यावरच थांबली.

ती हलली 1789 साली. ‘अॅडव्हेंचर’ नावाचे जहाज टाइनच्या मुखाशी वाळूत रुतले. किनाऱ्यावर हजारोंची गर्दी होती. खलाशी डोलकाठीच्या दोरांवरून एकेक करून लाटांत गळून पडताना सर्वांनी पाहिले, पण त्या समुद्रात होडी घालायला कोणी धजेना. त्यानंतर साउथ शील्ड्समधल्या एका मंडळाने उत्तम आराखड्याला दोन गिनींचे बक्षीस लावले.

वुडहॅव हा तिथल्या सेंट हिल्डा चर्चमधला कारकून. त्याने पत्र्याची प्रतिकृती नेली. तिच्या दोन्ही टोकांना उंचावर बूच भरलेले होते, त्यामुळे ती उलटी टाकली तरी सुलटी होई. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईच्या घागरीत तरंगणारा फुटक्या लाकडी वाडग्याचा तुकडा कसाही टाकला तरी पुन्हा सुलटाच होतो, हे पाहून त्याला ही युक्ती सुचली, अशी आख्यायिका आहे. मंडळाने त्याच्यापुढे एकच गिनी ठेवली. ती त्याने नाकारली, असे सांगतात. होडी बांधण्याचे काम ग्रेटहेडला मिळाले. त्याची ‘ओरिजिनल’ 30 जानेवारी 1790 रोजी पाण्यात उतरली. तिची लांबी 30 फूट होती, दोन्ही टोके सारखी निमुळती होती, कणा वक्र होता आणि काठाला सुमारे साडेतीनशे किलो बूच लावलेले होते. ती चाळीस वर्षे राबली.

ग्रेटहेडला लबाड ठरवणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. त्याने पेटंट घेतले नाही आणि आराखडा कोणापासून लपवला नाही. त्याच्या होड्या गावोगाव गेल्या आणि त्यांनी खरी माणसे वाचवली. खटकते ते निराळेच. वुडहॅवच्या प्रतिकृतीतला सर्वांत मोलाचा गुण, स्वतः सुलटे होणे, या होड्यांत नव्हता. त्या बुडत नसत, पण उलटल्या तर उलट्याच राहत.

त्याची किंमत 4 डिसेंबर 1849 रोजी मोजावी लागली. त्याच साउथ शील्ड्सची ‘प्रॉव्हिडन्स’ ही लाइफबोट उलटली. तिच्यातल्या 24 पायलटांपैकी 20 जण गेले. बूच भरपूर होते, होडी तरंगतही होती. वुडहॅवची पत्र्याची प्रतिकृती त्या वेळी साठ वर्षांची झाली होती. मग ड्यूक ऑफ नॉर्थम्बरलंडने 100 गिनींचे बक्षीस लावले, 280 प्रवेशिका आल्या आणि 1851 साली ग्रेट यार्मथच्या जेम्स बीचिंगची स्वतः सुलटी होणारी होडी पहिली आली.

तरी होडीवर विसंबून भागत नाही, हे 9 फेब्रुवारी 1861 रोजी व्हिटबी येथे दिसले. तिथली लाइफबोट उलटून तेरापैकी बारा जण बुडाले. वाचलेला एकटा हेन्री फ्रीमन नव्या धाटणीचे बुचाचे जाकीट घालून होता.

पुढे बुचाची जागा फोमने घेतली. 1961 साली अमेरिकेत रिचर्ड फिशरने आपली ‘बोस्टन व्हेलर’ करवतीने मधोमध कापली आणि अर्धी होडी चालवत नेली. तिथे 1971 च्या कायद्यानंतर 20 फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींना अशी अंगची तरण सक्तीची झाली. फोम किती घातला याबरोबरच तो कुठे घातला, हेही त्या नियमांत पाहिले जाते. म्हणजे ल्यूकिन आणि वुडहॅव यांचेच दोन प्रश्न.

आपल्या किनाऱ्याला ‘उलटणे’ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. 17 जुलै 1947 रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती होडी नव्हती, आगबोट होती. पण काही क्षणांत कलंडणाऱ्या कोणत्याही नावेवर, संकट आल्यावर शोधावे लागणारे साधन हाती लागेलच असे नसते. आधार आधीच जागेवर असावा लागतो.

म्हणून माझा निवाडा असा. होडी बुडू नये हे ल्यूकिनचे, ती सुलटी व्हावी हे वुडहॅवचे आणि ती प्रत्यक्ष पाण्यात उतरावी हे ग्रेटहेडचे. तिघांपैकी कोणाचाही वाटा दुसऱ्याच्या नावे लिहिता येत नाही. साउथ शील्ड्सने 1890 साली उभारलेल्या स्मारकात वुडहॅव आणि ग्रेटहेड या दोघांनाही जागा दिली, हे शहाणपणाचे झाले. मात्र या हिशेबात चौथे नाव कोणी लिहीत नाही, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. ल्यूकिनचे पेटंट तयार असताना ‘अॅडव्हेंचर’चे खलाशी बुडाले आणि वुडहॅवची प्रतिकृती तयार असताना वीस पायलट बुडाले. उपाय दोन्ही वेळा होता. तो कामाला लावायला दोन्ही वेळा डोळ्यांदेखत माणसे मरावी लागली.