मीठ-मोहरी

मोहरीचे रोप कमरेएवढे किंवा त्याहून उंच वाढते. टोकाला पिवळ्या फुलांचे तुरे, प्रत्येक फुलाला चौकात मांडल्यासारख्या चार पाकळ्या आणि मागाहून बारीक शेंगा. आपल्या मिसळणाच्या डब्यातली मोहरी दोन जातींच्या संकरातून निपजली: एक काळी मोहरी, दुसरी सलगमची जात. या दोन्ही आजही रानात उगवतात. गुणसूत्रांच्या जोड्या एकीच्या ८, दुसरीच्या १० आणि संकराच्या १८, हा हिशेब जपानमध्ये काम करणाऱ्या नागाहारू ऊ यांनी १९३५ साली मांडला.

कोकणात मात्र मोहरी हे शेतातले पीक नव्हे. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावापासून पेणपर्यंत पावसाळ्यात भात आणि भातकापणीनंतर जमिनीच्या ओलीवर वाल, असा शेतीचा जुना क्रम. मीठ पेणच्या मिठागरांत पिकायचे. मोहरी वाण्याकडून आणावी लागे. तरी फोडणीखेरीज तिचे एक काम घरोघर ठरलेले होते. मूल किरकिरे झाले, अंगावर पिईनासे झाले की मीठ-मोहरीने त्याची दृष्ट काढायची.

रीत ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. तिन्हीसांजेला मुलाला पाटावर किंवा मांडीवर बसवतात. घरातली वडीलधारी बाई मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या घेऊन ती त्याच्यावरून ओवाळते. आल्यागेल्याची, घरच्या-दारच्यांची, भुताखेतांची अशी ज्याची त्याची नजर नाव घेऊन उतरवते आणि मूठ चुलीतल्या निखाऱ्यावर टाकते. मोहरी तडतडते. ठसका लागला नाही, तर दृष्ट जबर होती असे समजतात.

या चालीचे धागे बाळंतिणीच्या खोलीपर्यंत मागे जातात. पारस्कर गृह्यसूत्रात सूतिकागृहाच्या दाराशी अग्नी ठेवून बाळंतीण उठेपर्यंत सकाळ-संध्याकाळ त्यात कोंड्यात मिसळलेली मोहरी टाकायला सांगितली आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात त्याच खोलीभोवती मोहरी, जवस आणि तांदळाच्या कण्या पसरण्याची सूचना आहे. सुश्रुतसंहितेतला उल्लेख तर जास्तच बोलका. जखमी रोग्याच्या खोलीत मोहरी, कडुनिंबाची पाने, तूप आणि मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, दहा दिवस द्यावी असे तिथे म्हटले आहे. मीठ आणि मोहरी ही जोडी इथे विस्तवावर एकत्र आली आहे, आणि तीही वैद्याच्या हातून. किसा गोतमीच्या बौद्ध कथेत बुद्ध मूठभर मोहरीच मागतात, पण ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून; मोहरी कोणत्याही घरी मिळेल हे कथेत गृहीतच आहे.

मिरचीचे तसे नाही. ती अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. ठसका आणते तीच. कोरडी मोहरी विस्तवावर फुटते ती आतल्या ओलाव्याची वाफ होऊन. तिचा झणका वेगळा: दाणा चिरडून पाण्यात भिजला की आतले विकर कामाला लागते आणि नाकात जाणारे तेल तयार होते. म्हणून लोणच्यात मोहरी फेसून घालतात. तापल्यावर ते विकर निकामी होते, त्यामुळे फोडणीतला दाणा खमंग लागतो पण झोंबत नाही. याचा अर्थ, ठसक्यावरून दृष्टीचे बळ जोखण्याची परीक्षा मिरचीआधीची असणे कठीण. आजीच्या तोंडी ती अनादि काळची असली तरी तिचे वय फार तर चार-पाच शतके भरेल. मीठ-मोहरीचा धूर तिच्याहून पुष्कळ जुना.

चुली गेल्या तशी निखाऱ्याचीही अडचण झाली. गॅसवर तापवलेल्या तव्यावर किंवा लोखंडी पळीत मूठ टाकून काम भागवतात. स्वयंपाकघराची खिडकी मात्र आधी उघडून ठेवावी लागते.