चूक आणि अभय

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेचीं कांहीं बी-१७ बाँबफेकी विमानें मोहिमेवरून सुखरूप परतत, धांवपट्टीवर टेकत, आणि मग पोटावर बसत. चौकशीचा निष्कर्ष ठरलेला असे: वैमानिकाची चूक. १९४३ च्या सुमारास लष्कराकडील मानसशास्त्रज्ञ आल्फॉन्स चॅपॅनिस यांनीं पाहणी केली. चाकें उचलण्याची कळ आणि पंखांच्या झडपा मिटण्याची कळ शेजारीशेजारीं, दिसावयास एकसारख्या! थकलेला हात भलत्याच कळेवर पडे. त्यांनीं एकीवर चाकाच्या व दुसरीवर पाचरीच्या आकाराचा तुकडा बसविला. ठपके देऊन जें साधलें नव्हतें, तें या दोन तुकड्यांनीं साधलें.

परंतु कळ डोळ्यांना दिसते. मनांतला गैरसमज दिसत नाहीं. तो ज्याचा त्यानेंच सांगावा लागतो, आणि शिक्षेच्या भयानें नेमका तोच गप्प बसतो. १ डिसेंबर १९७४ रोजीं टी. डब्ल्यू. ए. कंपनीचें ५१४ क्रमांकाचें विमान वॉशिंग्टनजवळील डलेस विमानतळाकडे येत असतां माउंट वेदर या डोंगरावर आदळलें. ९२ माणसांपैकीं एकही वांचलें नाहीं. नियंत्रकानें उतरण्याच्या मार्गास परवानगी दिली होती. वैमानिकांनीं तिचा अर्थ, आतां खालीं येण्यास धोका नाहीं, असा घेतला. उंची कोणीं सांभाळावयाची, याविषयीं दोन्हीं बाजूंची समजूत वेगळी होती. विशेष दुःखाची गोष्ट पुढेंच आहे. सुमारें सहा आठवड्यांपूर्वीं युनायटेड कंपनीचें एक विमान याच गैरसमजानें त्याच डोंगरावरून थोडक्यांत निभावलें होतें. न भितां चूक सांगण्याची सोय त्या कंपनींत असल्यामुळें तिच्या वैमानिकांना सूचना मिळाली. टी. डब्ल्यू. ए.च्या वैमानिकांपर्यंत ती पोंचली नाहीं.

पुढें १९७५ त विमानवाहतुकीच्या सरकारी खात्यानें स्वतःच अशा हकीकती मागविल्या, तेव्हां वैमानिक बिचकले. दंड करणारा तोच आणि कबुली ऐकणारा तोच, मग विश्वास बसावा कसा? म्हणून १९७६ त हें काम नासा या संशोधनसंस्थेकडे आलें. तिला दंडाचा अधिकारच नाहीं. कळविणाऱ्याचें नांव काढून टाकलें जातें, आणि नियमभंग अजाणतां झालेला असून दहा दिवसांच्या आंत कळविला, तर सहसा शिक्षा होत नाहीं. कोणी म्हणेल, हें लाड झाले. मला तसें वाटत नाहीं. गुन्हा आणि प्रत्यक्ष अपघात या अभयांतून वगळलेले आहेत. आजवर तेथें वीस लक्षांहून अधिक हकीकती जमल्या आहेत. माउंट वेदरवरून निभावलेल्या त्या विमानासारख्या.