वाटेचें भय आणि विम्याचा कागद



जालना जिल्ह्यांतील भोकरदन हें आज तालुक्याचें गांव आहे. दोन हजार वर्षांपूर्वीं त्याचें नांव भोगवर्धन होतें, आणि पैठणहून उज्जयिनीकडे जाणाऱ्या मार्गावरील तें एक संपन्न नगर होतें. येथील दात्यांचीं नांवें सांचीच्या स्तूपावर कोरलेलीं आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक ग्रंथांत भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचें लिहिलें आहे. वीस दिवसांचें रान ओलांडावें, तेव्हां कोठें समुद्र दिसावा! एवढें भय एकट्या व्यापाऱ्यानें कसें वाहावें?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ह्या भयाचें मोल ठरविलेलें आढळतें. शंभर पणांवर दरमहा सव्वा पण हें धर्म्य व्याज. व्यापारांत पांच, अरण्यांतून जाणाऱ्यास दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यास वीस. वाट जितकी बिकट, तितका दर चढा. पुढें आपल्या पेढ्यांवर जोखमी हुंडी चालूं लागली. माल सुखरूप पोंचला तरच तिचे पैसे द्यावयाचे; तारूं बुडालें तर नुकसान हुंडी घेणाऱ्याचें. ‘विमा’ शब्दाचें नातें भयवाचक फारसी ‘बीम’ शब्दाशीं सांगतात, तें यथार्थच आहे.

परंतु दुसऱ्याचें भय खांद्यावर घेणाऱ्यास तें किती आहे हें कळावयास नको काय? सुमात्रा बेटांतील एका इंग्रजी किल्ल्याचा विमा उतरविलेला होता. तो किल्ला फ्रेंचांनीं घेतला. १७६६ सालीं त्या खटल्यांत लॉर्ड मॅन्सफील्ड ह्यांनीं सांगितलें कीं, जें केवळ एका पक्षालाच ठाऊक आहे, तें त्यानें दुसऱ्यापासून दडवितां कामा नये. निकाल विमा उतरविणाऱ्याच्या बाजूनेंच लागला. तत्त्व मात्र कायमचें झालें. भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यांतहि तें आहे.

हें आज सांगण्याचें कारण असें कीं, अनेक घरांतील वृद्ध आईबाप आतां मुलांना भेटण्यास परदेशीं जातात. हप्ता वाढेल म्हणून रक्तदाब किंवा मधुमेह लपविण्याचा मोह होतो. पण परक्या मुलुखांतील रुग्णालयांत नेमका तोच आजार उद्भवला, तर हातांतील कागद निरुपयोगी ठरूं शकतो, आणि भार मुलांवर पडतो.

म्हणून विमा वाट पाहून निवडावा. युरोपांतील शेंगेन राष्ट्रांच्या अल्पकालीन व्हिसासाठीं किमान ३०,००० युरोंचें संरक्षण लागतें. अमेरिकेंतील महाग उपचारांपुढें तेवढी रक्कम तोकडी पडूं शकते. पूर्वींच्या आजाराबद्दल काय लिहिलें आहे, पहिला किती खर्च आपण सोसावयाचा, रुग्णाला मायदेशीं आणण्याची तरतूद आहे कीं नाहीं, आणि मुदत परतीच्या दिवसापर्यंत पोंचते कीं नाहीं, हें सही करण्यापूर्वीं वाचावें. स्वस्त हप्ता हा शेवटचा प्रश्न असावा.

भोगवर्धनाच्या व्यापाऱ्यास सावकारापुढें आपली वाट खरी सांगावी लागे. आपणहि आपली प्रकृति खरी सांगावी. मग प्रवास कितीहि दूरचा असो, निदान कागदाचें भय तरी बरोबर न्यावें लागणार नाहीं.