न मिसळणारे प्रवाह

साताऱ्यानजीक माहुलीस कृष्णा-वेण्णा व सांगलीजवळ हरिपुरास कृष्णा-वारणा एकरूप होतात. एकत्र येतांच मिसळून जावें, हा प्रवाहांचा धर्मच. मात्र अतिशीत वायूंच्या सृष्टींत तो नेहमींच पाळला जातो असें नाहीं.

या शोधाचें मूळ ढाक्यास आहे. १९२४ सालीं तेथील अध्यापक सत्येंद्रनाथ बोस यांनीं प्रकाशकणांच्या गणनेची नवी रीत आइन्स्टाइन यांजकडे धाडली. तीच अणूंस लावून आइन्स्टाइन यांनीं भाकीत केलें कीं, पुरेशा थंडींत असंख्य अणु एकाच अवस्थेंत येतील. त्याची प्रचीति येण्यास सत्तर वर्षें लोटलीं. १९९५ सालीं अमेरिकेंत बोल्डर येथें कॉर्नेल व वायमन यांनीं रुबिडियमचा वायु निरपेक्ष शून्यावर अंशाच्या दोन कोट्यंशांहूनही कमी तपमानास नेला, तेव्हां तें साधलें. त्यांना २००१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. बोस मात्र १९७४ सालींच निवर्तले होते.

१९९८ सालीं तेथेंच रुबिडियमच्या दोन अवस्थांतील अणु एकत्र ठेवतांच ते आपोआप विलग झाले. परक्यांविषयींचें अपकर्षण स्वकीयांतील अपकर्षणाहून वरचढ ठरलें, हेंच त्याचें कारण. पुढें २००६ सालीं केटर्ले यांच्या सहकाऱ्यांनीं लिथियममध्यें पाहिलें कीं, जोडी जुळलेले अणु मध्यभागीं घर्षणावांचून वाहणारा अतिप्रवाह बनतात आणि एकाकी उरलेले बाहेर लोटले जातात.

पुण्याच्या आयसर संस्थेंतही अतिशीत अणूंवर संशोधन झालें आहे. ढाक्याच्या त्या अध्यापकाचें गणित अशा रीतीनें कृष्णाकांठच्या शेजारीं येऊन पोंचलें.